शेवटच्या रांगेला ऐकू आले पाहिजे

बारामती काय किंवा इंदापूर काय, आज या दोन्ही तालुक्यांत बहुतेक वस्त्यांवर लहान-मोठे विहार उभे आहेत. लोकांनी पोटाला चिमटा घेऊन वर्गणी दिली आणि पत्र्याचे होते ते स्लॅबचे झाले. खाली फरशी आली, भिंतींना ऑइलपेंट लागला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात तिथे ग्रंथवाचन चालते. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. तेव्हापासून कितीतरी अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत तो कानावाटेच पोहोचला आहे.

पण वाचन चालू असताना विहाराच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसून पाहा. मळ्यातली खुरपणी आटोपून, चूल पेटवून, पोरांना खाऊ घालून ज्या आयाबाया उशिरा येतात त्या तिथेच टेकतात. कानाने अधू झालेले म्हातारे भिंतीचा आधार पाहून तिथेच बसतात. पुढच्या तीन रांगांना वाक्य कळते. मागे येतो तो नुसता घुमणारा आवाज. “बाई, आज काय वाचलं?” असे विचारले तर ती माउली हसून म्हणते, “काहीतरी चांगलंच असंल.” तीन महिने रोज येऊन बसणाऱ्या बाईच्या पदरात एवढेच पडत असेल, तर दोष तिचा नाही. आपल्या व्यवस्थेचा आहे.

मग कमिटीची मीटिंग होते आणि कोणीतरी सुचवतो, “मोठा बॉक्स आणू, जास्त वॅटचा!” पुन्हा वर्गणीची पावतीपुस्तके निघतात. एम.आय.डी.सी.तला कंत्राटी कामगार आणि शेतावर रोजाने जाणारी बाई, दोघेही शे-दोनशे रुपये देतात. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी थोडे समजून घेऊ. बिघाड बहुतेक वेळा वॅटमध्ये नसतो.

पहिला प्रश्न खोलीचा. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले काही समजत नव्हते. दुरुस्तीचे काम वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे आले. त्यांनी दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या मांडल्या, आणि आवाज विरायला किती वेळ लागतो हे मोजले. त्या रिकाम्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. तेवढ्यात बोलणारा दहा-पंधरा शब्द पुढे गेलेला असतो आणि सगळे एकमेकांवर आदळतात. गाद्या वाढल्या तसा घुमारा कमी झाला. आवाज शोषून घेण्याचे माप म्हणून सॅबिन यांनी उघडी खिडकी धरली, कारण खिडकीबाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

हाच हिशेब आपल्या विहाराला लावू. ४० फूट लांब, २५ फूट रुंद, ११ फूट उंच, वर स्लॅब, खाली फरशी, खिडक्या बंद. असा हॉल रिकामा असताना ढोबळमानाने चार-पाच सेकंद घुमतो. त्यात साठ माणसे बसली की हाच आकडा दीड सेकंदाच्या आसपास येतो, कारण माणसाचे अंग आणि कपडे आवाज पितात. भाषण स्वच्छ कळण्यासाठी तो एक सेकंदाच्या जवळ असावा. म्हणून पहिला उपाय जवळजवळ फुकटचा आहे. सगळ्या फरशीवर सतरंजी अंथरा. मागच्या भिंतीला जाड कापडाचे भरपूर चुण्या असलेले पडदे लावा आणि पडद्यामागे घरोघरच्या जुन्या वाकळा टांगा. महिला मंडळाने मनावर घेतले तर हे एका रविवारचे काम आहे. ज्या विहाराला घुमट आहे तिथे अडचण जास्त, कारण वाकडे छत आवाज गोळा करून परत फेकते. विजापूरच्या गोल घुमटात कुजबूजसुद्धा पलीकडे ऐकू येते ती याच गुणामुळे. पाहायला गेलेल्याला त्याची मौज वाटते, ग्रंथ ऐकणाऱ्याला मात्र तीच शिक्षा होते. अशा ठिकाणी स्पीकरचे तोंड घुमटाकडे कधीही नसावे.

दुसरा प्रश्न माईकचा. वाचणारा माईकपासून हातभर लांब बसतो आणि ऑपरेटर आवाज वाढवत नेतो. मग स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. तोंड आणि माईक यांतले अंतर निम्मे केले की माईकमध्ये शिरणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो. हे नवे मशीन न आणता मिळते. तोंडापासून चार ते सहा बोटांवर, किंचित बाजूला माईक धरावा म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर बसत नाही. माईक घ्यायचा तर समोरचा आवाज घेणारा आणि पाठीमागचा टाळणारा ‘कार्डिऑइड’ जातीचा, डायनॅमिक प्रकारचा घ्या. तो दणकट असतो आणि त्याला वेगळी वीज लागत नाही. त्याची जाळी मुठीत आवळून धरू नका. तसे केले की मागचा आवाज टाळण्याचा गुण जातो आणि शिट्टी वाढते. बोलत नसेल त्याचा माईक बंद ठेवा. एकाच्या जागी दोन माईक उघडे राहिले तर शिट्टीची हद्द तीन डेसिबलने जवळ येते.

तिसरा प्रश्न स्पीकरचा. आपल्या देशात राजकीय सभांमध्ये लाऊडस्पीकर रुळला तो १९३० च्या आसपास. मुंबईच्या शिकागो रेडिओ कंपनीचे नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभांना ही यंत्रणा पुरवली. भोंगा हे मैदानाचे साधन, हजारोंच्या जमावासाठी केलेले. तोच भोंगा आपण ४० फुटांच्या हॉलमध्ये टांगला! तिथे तो कर्कश लागतो आणि भिंतींवर आपटतो. हॉलसाठी कॉलम स्पीकर बरा. त्यात लहान स्पीकर एकाखाली एक बसवलेले असतात, त्यामुळे आवाज दोन्ही बाजूंना पसरतो पण वर-खाली कमी जातो. म्हणजे छतावर वाया जात नाही. म्हणूनच तो उभा टांगायचा. आडवा टांगलेला कॉलम पुष्कळ ठिकाणी दिसतो. तसे केल्याने त्याचा सगळा फायदा जातो. आपण खाली सतरंजीवर बसतो, तेव्हा कान जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असतात. कॉलम सात-आठ फुटांवर लावून, तोंड खाली वाकवून शेवटच्या रांगेवर रोखा. स्पीकर माईकच्या पुढे असावेत, माईक त्यांच्या पाठीमागे. हॉल लांब असेल तर पुढे एकच मोठा बॉक्स ठेवण्याऐवजी पुढे दोन आणि मध्यावर दोन असे चार लहान कॉलम हळू आवाजात लावा. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो. हॉलमध्ये लांब गेल्यावर उरतो तो मुख्यतः घुमारा. म्हणून स्पीकरच माणसाजवळ न्यायचा.

आता वॅट. ६० वॅटचा अॅम्प्लिफायर काढून १२० वॅटचा आणला तर वाढ होते फक्त तीन डेसिबलची, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकी. आवाज दुप्पट वाटायला ताकद सुमारे दहापट लागते. तेव्हा चालू स्थितीतला जुना अॅम्प्लिफायर मोडीत काढू नका. फक्त जोडणी तपासा. आठ ओहमचे चार स्पीकर शेजारी-शेजारी जोडले तर भार दोन ओहमचा होतो आणि चार ओहमसाठी केलेला अॅम्प्लिफायर जळू शकतो. १०० व्होल्ट लाइनची सोय असेल तर ती सोपी पडते. तिला चालणारे, ट्रान्सफॉर्मर असलेले कॉलम घ्यायचे आणि नुसती वॅटची बेरीज करायची. दहा वॅटचे चार म्हणजे ४०. साठाच्या मशीनवर निर्धास्त चालतील. भाषणाच्या वेळी ‘बास’चे बटण कमी ठेवा, शब्द उमटून येतात. भीमगीतांचा कार्यक्रम असेल तर ढोलकीच्या वेळी ते थोडे वाढवा.

वायरिंगबाबत एक गोष्ट हात जोडून सांगतो. हम्म असा आवाज येतो म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन तोडून टाकण्याची खोड काही ठिकाणी आहे. ती पिन अर्थिंगची, म्हणजे जीव वाचवणारी. ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहिलेली आपली गायिका हातात लोखंडी माईक धरते, हे डोळ्यांपुढे आणा. लायसन्सधारक वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. सर्व मशीने एकाच बोर्डवरून चालवा आणि माईकला शिल्डची, तीन पिनांची बॅलन्स्ड वायर वापरा. हम्म बहुधा तिथेच थांबतो.

पैशाचे कसे करायचे? समजा २०,००० रुपये जमले. पाच हजार माईक, स्टँड आणि चांगल्या वायरसाठी. दहा हजार स्पीकरसाठी. तीन हजार अर्थिंग, वायरिंग आणि पडद्यांसाठी. उरलेले दोन हजार बँकेत, दुरुस्तीसाठी. अॅम्प्लिफायर घ्यावाच लागला तर यंदा दोनच कॉलम घ्या, दोन पुढच्या वर्षी. बारामतीत, इंदापुरात आणि पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत अशी तीन लेखी कोटेशने घ्या. पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड फाईलला लावा. वस्तूची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला करा आणि जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लिहा. ज्याने पन्नास रुपये दिले त्यालाही तो वाचता आला पाहिजे. हॉलमध्ये माणसे बसलेली असताना ऐकून पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. वापरण्याची जबाबदारी एका मुलावर आणि एका मुलीवर सोपवा. बटणे कुठे ठेवायची त्या खुणा चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

शेवटी शेजाऱ्यांचा विचार. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद ठेवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालच्या निकालात शांततेने राहण्याचा हक्क संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काशी जोडला. विहाराच्या भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला कामगार झोपलेला असतो, दहावीची पोरगी अभ्यासाला बसलेली असते. तीही आपलीच माणसे. आवाज आत बसलेल्यांपुरता ठेवणारी यंत्रणा खर्चालाही कमी आणि कायद्यालाही धरून.

पुढच्या मीटिंगला हा विषय निघाला तर आधी एक परीक्षा करा. एकाला पुढे ग्रंथाचे पान वाचायला बसवा आणि अध्यक्ष, खजिनदार, सेक्रेटरी यांनी शेवटच्या रांगेत आजीबाईंच्या शेजारी बसावे. पान संपल्यावर काय वाचले ते आजीबाईंना विचारा. त्यांनी सांगितले तर वर्गणी काढायची गरज नाही. सांगता आले नाही, तर कामाला कुठून लागायचे ते वर दिलेच आहे.