अल्प हप्ता आणि त्याची पावती

शेतकऱ्यास कर्ज कां होतें याविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे; परंतु झालेलें कर्ज नेहमींच्या व्यवहारांतून कसें उतरवावें याचा विचार त्या मानानें थोडाच होतो. महसूल खात्यांत कारकुनी करतांना व निवृत्तीनंतर स्वतःच्या चार एकरांत राबतांना या बाबतींत जो अनुभव आला, तो वाचकबंधूंपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आपल्याकडील सर्वसाधारण समजूत अशी कीं, एकरकमी घेतलेलें कर्ज एकरकमीच फेडावयाचें. कांदा विकला किंवा उसाचें बिल आलें म्हणजे देऊन टाकूं, असें म्हणतां म्हणतां वर्ष सरतें. पीक हातीं येतें त्याच वेळीं खताची उधारी, मजुरी, दवाखाना व घरांतील लग्नकार्य हीं सारीं एकदम दारांत उभीं राहतात. सावकाराच्या हातावर व्याजापुरतें कांहीं ठेवून मुद्दल पुढील सालावर लोटलें जातें. आमची मिळकतच हंगामी, मग हप्ता कोठून द्यावा, असा प्रश्न येथें कोणी करील. तो अगदींच गैरवाजवी नाहीं. परंतु अकोलें, संगमनेर, राहाता या बाजूस दुधाचा पगार दर दहा दिवसांनीं होतो, व भाजीपाला करणाऱ्याच्या हातीं आठवडेबाजारीं कांहीं ना कांहीं नगद येतेंच. हा सुटा पैसा सुटाच खर्च होऊन जातो. त्यालाच कर्जाच्या कामीं लावावें, इतकेंच माझें म्हणणें आहे.

त्याचा हिशेब पाहूं. एका शेतकऱ्यानें १,००,००० रुपये दरमहा शेंकडा २ रुपये व्याजानें घेतले. तो दरमहा केवळ २,००० रुपये व्याज देत राहिला, तर ३० महिन्यांत ६०,००० रुपये देऊनहि मुद्दल जसेंच्या तसें राहतें. तोच जर दुधाच्या प्रत्येक पगारांतून १,५०० म्हणजे महिन्याकांठीं ४,५०० रुपये देईल, व व्याज उरलेल्या मुद्दलावरच धरलें जाईल, तर ३० व्या महिन्यांत सर्व कर्ज फिटतें, आणि व्याज सुमारें ३३,५०० रुपये पडतें. मात्र देणाऱ्यानें सबंध मुदतभर मूळ लाखावरच व्याज धरलें, तर हप्ते देऊनहि व्याजाचे ६०,००० रुपये होतात, व लहान हप्त्याचा सारा लाभ त्याच्या पदरीं जातो. म्हणून पहिला हप्ता देण्यापूर्वींच, व्याज शिल्लक मुद्दलावर कीं मूळ रकमेवर, हें विचारून लिहून घ्यावें.

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगतों. विहिरीच्या कामासाठीं मीं एका ओळखीच्या गृहस्थाकडून याच दरानें ६०,००० रुपये घेतले होते. दर बाजारच्या दिवशीं ५०० रुपये त्याच्या हातावर ठेवावयाचे, असा नेम दहा महिने पाळला. ४३ हप्ते गेले. हिशेबास बसलों तेव्हां त्याच्या टिपणांत २६ च निघाले. त्या १३,००० पैकीं १२,००० व्याजांत वळते झाले व मुद्दल अवघें एक हजारानें उतरलें. उरलेल्या १७ हप्त्यांचे, म्हणजे ८,५०० रुपयांचे, नांवहि कोठें नव्हतें. घरीं विचारणा झाली, "जन्मभर लोकांच्या पावत्या तपासल्यात, आपली कोठें आहे?" त्यास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. सरकारी साऱ्याचे दहा रुपये भरले तरी पावती घेतल्यावांचून कचेरीची पायरी न उतरणारा शेतकरी मीं नित्य पाहिला होता. परंतु तोच शेतकरी, आणि त्याच्यासारखाच मीहि, ओळखीच्या माणसापुढें पावती मागावयास लाजतों. त्या दिवशीं मीं दोन वह्या आणल्या, एक त्याची व एक माझी. पुढील प्रत्येक हप्ता दोहोंत लिहून माझ्या वहींत त्याची सही घेऊं लागलों. त्यानें प्रथम तोंड वांकडें केलें, मग संवय झाली. साडेतीन वर्षांच्या आंत तें कर्ज फिटलें.

हा धडा आपल्या जिल्ह्यास नवा नाहीं. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला व तो त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत, पारनेर, श्रीगोंदें या बाजूसहि पसरला. लोकांनीं ठिकठिकाणीं खतें हिसकावून जाळलीं, कारण देण्याघेण्याचा लेखी पुरावा एकाच बाजूच्या पेटींत होता. त्यानंतर १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांकरितां शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यांत न्यायालयास हप्तेबंदी ठरवून देण्याचा अधिकार मिळाला. आणि त्याबरोबरच पावती, वर्षाचा लेखी हिशेब व खातेपुस्तक मागण्याचा हक्क शेतकऱ्यास मिळाला. कायदा करणारांनीं हप्ता व पावती हीं दोन्ही एकत्र ठेवलीं, यांत मोठें शहाणपण होतें.

आजहि तो हक्क आहे. महाराष्ट्राच्या २०१४ सालच्या सावकारी कायद्यान्वयें परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा आहे, आणि व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करतां येत नाहीं. त्याच सालीं शासनानें शेतकऱ्याच्या कर्जास तारण असल्यास सालीना शेंकडा ९ व नसल्यास १२ असा दर ठरविला. म्हणजे वरील उदाहरणांतील दर त्याच्या दुप्पट होतो. जाच होत असल्यास सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागतां येते. परंतु दाद मागणाऱ्याच्या हातांत कागद हवा.

कोणी म्हणतील, माफी येईल तेव्हां पाहूं. २००८, २०१७ व २०१९ सालच्या कर्जमाफी योजना बँका व सहकारी संस्था यांच्या कर्जापुरत्या होत्या. हातउसन्या कर्जाचें व्याज त्यांनीं थांबलें नाहीं. उलट सोसायटीच्या पीककर्जावरील व्याजसवलत मुदतींत भरणा करणारासच मिळते. म्हणून पीककर्जासाठीं वेगळ्या बचत खात्यांत थोडें थोडें सांठवून तें मुदतीपूर्वीं भरावें, व सुट्या पैशाचा मुख्य ओघ ज्या कर्जाचें व्याज सर्वांत जड त्याकडे वळवावा. बियाणें व घरखर्च यांचा पैसा मात्र हप्त्यांत घालूं नये. नाहींतर एक कर्ज फेडण्यासाठीं दुसरें काढावें लागतें.

थेंबे थेंबे तळें सांचतें हें खरें, पण पाझर बुजवलेला असेल तर. पुढील दुधाचा पगार हातीं येईल त्या दिवशीं हप्त्याबरोबर एक वहीहि घेऊन जावी. हप्ता कितीहि लहान असो. ज्याची नोंद नाहीं, तो दिलेला नाहीं असेंच समजावें.