गाडी सांभाळणं म्हणजे आसक्ती नव्हे



आपल्या समाजात मोठ्या गाडीबद्दल दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं धर्मात्म्यांचं: "गाडीत एवढा जीव कशाला गुंतवायचा? शेवटी पुद्गलच ते." दुसरं पैसेवाल्यांचं: "कंपनीत टाकायची, बिल भरायचं, विषय संपला." पहिला धर्माचा आडोसा घेतो, दुसरा पैशाचा. बॉनेट मात्र दोघंही उघडत नाहीत. मला ही दोन्ही वाक्यं मान्य नाहीत, आणि का ते आज स्पष्टच लिहिते.

आधी धर्माचं बघू. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे. मूर्च्छा म्हणजे 'हे माझं' ही आंधळी ओढ. आता सांगा, मूर्च्छा कोणात जास्त? रविवारी सकाळी टायरची हवा तपासणाऱ्यात, की लग्नाच्या मांडवासमोर गाडीचा लोगो दिसेल अशी गाडी लावणाऱ्यात, ज्याला टायर गुळगुळीत झालेत याचा पत्ताच नसतो? त्याच ग्रंथात हिंसेची व्याख्या प्रमादाला जोडून केली आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. जीव मारायचा हेतू नव्हता एवढं म्हणून आपण सुटत नाही.

मुनींच्या पाच समित्यांमध्ये आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना बघून, झाडून, काळजीने. मुनींजवळ असतं काय? पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. एवढ्याशा उपकरणांसाठी ज्या धर्माने स्वतंत्र समिती सांगितली, त्या धर्मातल्या श्रावकाने पावणेदोन टनांच्या गाडीबद्दल "आपल्याला त्यातलं काही कळत नाही" असं कौतुकाने सांगावं? मंदिराच्या पायरीवर मुंगी चुकवून पाऊल टाकायचं आणि हायवेवर शंभरच्या वेगाने जुन्या ब्रेक ऑइलवर धावायचं, हा कुठला यत्नाचार?

पहाटे हायवेच्या कडेने विहार करणाऱ्या मुनी-आर्यिकांना वाहनाने धडक दिल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि हळहळतो. ड्रायव्हरला दोष देतो, सरकारला दोष देतो. पण त्याच हायवेवरून आपलीही गाडी जाते, आणि तिला ब्रेक वेळेवर लागेल की नाही हे बघणं आपल्याच हातात आहे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-४ प्रकारचं ऑइल नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक प्रमाणात पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आंबा घाट उतरताना ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. म्हणून बहुतेक कंपन्या हे ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी कितीही कमी चालली असली तरी. टायरचंही तसंच. टायरच्या कडेवर डॉट अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. मोठ्या गाड्या पुष्कळदा कमी फिरतात, त्यामुळे नक्षी खोल दिसते, पण रबर वयानेच कडक होतं. हे चार आकडे वाचायला इंजिनिअर लागत नाही, चष्मा लागतो.

आता पैशाचं. मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. धंद्यातल्या गाडीवर आयकरात दरसाल १५ टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. ५० लाखांची गाडी अशा घसाऱ्याने दहा वर्षांनी वहीत सुमारे ९ लाख ८४ हजारांवर येते. बाजारभाव वेगळा असेल, पण उताराची दिशा तीच. म्हणूनच जुनी जर्मन सेदान नव्या साध्या गाडीच्या भावात मिळते आणि लोक भुलतात. पण गाडीची किंमत घसरते, तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. दहा लाखांत घेतलेल्या गाडीचा हेडलाइट फुटला तर दुकानदार दहा लाखांच्या गाडीचा हेडलाइट देत नाही, पन्नास लाखांच्या गाडीचाच देतो. खरेदीच्या आनंदात हे वाक्य कुणी उच्चारत नाही.

यावर उपाय दुकानदारांच्या घरात जन्मलेल्या आपल्या बायकांना शिकवायची गरज नाही. त्याचं नाव तरतूद. चार टायरची किंमत भागिले साठ महिने, बॅटरीची किंमत भागिले अठ्ठेचाळीस, सर्व्हिस भागिले बारा, ब्रेक पॅड आणि डिस्क, सस्पेन्शनचे बुश, इन्शुरन्स. बेरीज करा आणि अचानक निघणाऱ्या कामासाठी तेवढीच रक्कम आणखी धरा. ती दरमहा वेगळ्या खात्यात टाका. हा आकडा बघून छातीत धस्स झालं, तर ती गाडी आपली नाही, हप्ता परवडत असला तरी नाही. हप्ता ही बँकेची मर्यादा असते, आपली नव्हे.

"कंपनीत टाका" म्हणणाऱ्यांकडे वळते. आमच्या घरी एक जुनी जर्मन सेदान आहे. एका पावसाळ्यात तिच्या डॅशबोर्डवर एबीएस, स्टेअरिंग, एअरबॅग, गिअरबॉक्स असे सगळे दिवे एकदम लागले. एका चकचकीत वर्कशॉपने मला सांगितलं, "काकू, मॉड्यूल गेलंय," आणि एक लाख दहा हजारांचा अंदाज हातात ठेवला. मी एकच प्रश्न विचारला, बॅटरीचं व्होल्टेज किती आहे? कुणी मोजलंच नव्हतं. आमच्या पेठेतल्या बॅटरीवाल्याने मीटर लावला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, आमच्या गाडीत १२ सुद्धा नव्हते. बॅटरी बदलली, नवी बॅटरी बसवल्याची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये केली, आणि दिवे गेले. खर्च त्या अंदाजाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी.

यात चमत्कार काही नाही. या गाड्यांमध्ये डझनावारी छोटे कॉम्प्युटर असतात. वीज कमी पडली की प्रत्येक जण आपापली तक्रार करतो. पाच वेगवेगळे दिवे एकाच वेळी लागले, तर पाच भाग एकाच दिवशी बिघडण्यापेक्षा त्यांचं मूळ एक असण्याची शक्यता जास्त. सासूबाईंचं डोकं दुखतंय, सासऱ्यांना मळमळतंय आणि मुलांचं पोट बिघडलंय, तर आपण तीन डॉक्टर बोलावत नाही. आधी रात्रीचं जेवण आठवतो.

स्कॅनरच्या कोडचंही असंच आहे. कोड लक्षण सांगतो, दोषी भाग सांगत नाही. पी०४२० हा कोड आला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला म्हणतात, आणि तो भाग महागडा. पण तोच कोड ऑक्सिजन सेन्सर बिघडल्याने किंवा सायलेन्सरच्या पाइपला गळती असल्यानेही येऊ शकतो. "हा भाग खराब आहे हे तुम्ही कसं तपासलंत?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. तपासणीचे पैसे आनंदाने द्या, अंदाजाचे देऊ नका.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल "लाइफटाइम" आहे, बदलावं लागत नाही, असंही ठासून सांगतात. पण अनेक महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलण्याची शिफारस करते. मग लाइफटाइम म्हणजे कुणाचं आयुष्य? बहुधा वॉरंटीचं.

आणि कंपनीबाहेर दुरुस्ती करणं म्हणजे गुन्हा केल्यासारखं ज्यांना वाटतं, त्यांच्या माहितीसाठी. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. कारण, सुटे भाग आणि तपासणीची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, पण मुद्दा सरकारी कागदावर आला. वॉरंटी असेपर्यंत कंपनीत जाच, तिथे वाद नाही. त्यानंतर या गाड्यांवर हात बसलेला, जुना भाग काढून समोर ठेवणारा मेकॅनिक शोधणं हे मालकाचं काम आहे.

दुसऱ्या टोकालाही मंडळी आहेत. इंजिनच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून "चालतेय ना" म्हणणारी. नवी गाडी आली की चाकाखाली लिंबू चिरडायचं, बंपरला लिंबू-मिरची बांधायची, आणि कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओतायचं. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात लोकमूढता सांगितली आहे, ती दुसरी काय असते? लिंबाने रेडिएटर गळायचा थांबत नाही.

डिझेल गाडी घेऊन फक्त घर ते बस्ती दोन किलोमीटर करणारेही ऐका. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळायला गाडी सलग काही वेळ तापून चालावी लागते. रोज दोन किलोमीटरने तो तुंबतो आणि दिवा लागतो. तेवढ्या अंतराला चालत जावं. दर्शनही होतं आणि डीपीएफही वाचतो.

जीवदयेचंही बोलायलाच हवं. मोठ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, ही घरोघरची तक्रार. त्यावर विष आणि गोंदाचे पुठ्ठे आणणारी जैन घरं मी पाहिली आहेत. गोंदावर चिकटलेला उंदीर तासन् तास तडफडतो. त्याऐवजी गाडीत खाणं बंद करा, डिकीत धान्याची पोती ठेवू नका, गाडी आठवडाभर एका जागी उभी करू नका, हवा घ्यायच्या वाटेवर तारेची जाळी बसवून घ्या. सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, आत मांजर झोपलेलं असू शकतं. जुनं इंजिन ऑइल गटारात ओतू देऊ नका. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि त्या गटारात किती जीव असतात ते मी सांगायला नको. आणि गाडी घेताना सीट चामड्याच्या आहेत की कृत्रिम, हे लेखी विचारा. चामड्यावर बसून काचेवर अहिंसेचं स्टिकर शोभत नाही.

"मग एवढी मोठी गाडी घ्यायचीच कशाला?" असं विचाराल. प्रश्न रास्त आहे, आणि त्याची योग्य वेळ खरेदीच्या आधीची. परिग्रह-परिमाण व्रत तिथेच कामी येतं. ज्यांना लहान गाडीत समाधान आहे त्यांना माझा नमस्कार. पण गाडी दारात आल्यावर तिच्याकडे न बघणं याला वैराग्य म्हणत नाहीत. तो शुद्ध आळस आहे, आणि त्याची किंमत रस्त्यावरून पायी जाणारा मोजतो.

मैत्रिणींनो, "बायकांना गाडीतलं काय कळतं" हे वाक्य तर आता पुरे. दूध उतू जायच्या आधी ज्यांना आवाजावरून कळतं, त्यांना बेअरिंगचा बदललेला आवाज कळणार नाही? रविवारी दहा मिनिटं काढा. चारही टायर थंड असताना हवा तपासा, कूलंटची पातळी बघा, गाडीखाली डाग पडलाय का बघा, पावसाळ्याआधी सनरूफच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या वाटा मोकळ्या करून घ्या. प्रत्येक काम तारीख, किलोमीटर आणि बिलासह एका वहीत लिहा. किराण्याची वही ठेवतो तशीच ही ठेवायची, आणि मेकॅनिकशी बोलताना ती हातात असू द्यायची.