मृगाचे गणित आणि धानाची बांधी

भंडारा जिल्ह्यातील शहापूर परिसरात धानाचे पऱ्हे केव्हा टाकायचे, हा प्रश्न दरवर्षी मृगाच्या तोंडावर उभा राहतो. घाई केली आणि पाऊस लांबला, तर रोपे रोवणीआधीच जून होतात, फुटवे घटतात. उशीर केला, तर हस्ताचा पाऊस सरतो आणि लोंबी भरण्याच्या वेळी बांधी कोरडी पडते. दुबार पेरणीची ऐपत लहान शेतकऱ्यापाशी नसते.

भारतीय हवामानशास्त्र विभाग १८७५पासून कार्यरत आहे. त्याच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु २००२मध्ये सरासरीइतक्या पावसाचे भाकीत असताना देशात पाऊस १९ टक्के उणा पडला. २००९मध्ये तूट २२ टक्क्यांवर गेली. आणि देशाची सरासरी अचूक निघाली, तरी शहापूरच्या बांधीत चिखलणीपुरते पाणी कधी साचेल, हे ती कसे सांगणार?

आपल्या पूर्वसूरींनी हा प्रश्न निरीक्षणाने सोडविला. सूर्य प्रत्येक नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो; मृगापासून हस्तापर्यंतची नऊ नक्षत्रे म्हणजे खरिपाचे वेळापत्रकच. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मेघांच्या गर्भधारणेपासून १९५ दिवसांनी वृष्टी होते, असे सांगून हिवाळ्यातील आकाश न्याहाळण्याचा पाठ दिला. पूर्वी भंडारा जिल्ह्यातच असलेल्या नवेगावबांधच्या अरण्यात मारुती चितमपल्ली यांनी वर्षानुवर्षे वास्तव्य केले आणि कावळ्याच्या घरट्याची उंची व पाऊस यांविषयीचे लोकज्ञान मराठीत आणले.

नक्षत्राचे नाव निघताच ज्यांना अंधश्रद्धा आठवते, त्यांनी हे एकदा तपासून पाहावे. पण ‘आमच्याकडे सर्व काही होतेच’ असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. अयनचलनामुळे निरयन नक्षत्रे ऋतूंच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. वराहमिहिराच्या काळापासून हा फरक वीस दिवसांच्या घरात गेला आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३च्या ‘ओरायन’ ग्रंथात याच मृगशीर्षाच्या आणि याच अयनचलनाच्या आधारे वेदकालाचा निर्णय केला होता. तेव्हा जुने आडाखे आजच्या पावसाशी पडताळून घेणे, हे परंपरेशी द्रोह करणे नव्हे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची अक्षय्य तृतीयेची घटमांडणी श्रद्धेने ऐकावी. मात्र घटातल्या मांडणीवरून राजाचे आणि खजिन्याचे भवितव्य सांगणे वेगळे आणि मुंग्यांची, वाऱ्याची, बहाव्याच्या फुलोऱ्याची पिढ्यान्पिढ्यांची नोंद वेगळी.

ही नोंद आज फारशी कोणी ठेवत नाही. जाणती माणसे जात आहेत, त्यांच्याबरोबर ती-ती शिवारेही मुकी होत आहेत. शहापूरसारख्या गावात शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवावा, एका वहीत नक्षत्र, पाऊस, वाऱ्याची दिशा, घरट्याची जागा आणि पऱ्हे टाकल्याची तारीख लिहावी, दहा वर्षांनी ती कृषी विद्यापीठापुढे ठेवावी. खर्च फारसा नाही. नोंद मात्र रोज सकाळी साडेआठ वाजता, न चुकता व्हावी लागेल.