पाटे वाढवावेत की भार कमी करावा?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जीपच्या पाट्यांवर लेख का लिहावा, असा प्रश्न हे शीर्षक वाचून काही प्राध्यापकांना पडेल. ताळेबंदावर लिहिले असते तर तो पडला नसता. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत एका जुन्या जीपच्या मागे उकिडवे बसून मी जे शिकलो तोही हिशेबच होता, आणि तो अनेक घरांतून चुकतो आहे असे माझे मत आहे.

माझ्या मावशीचे घर जामसांवलीला आहे. सौंसरजवळचे हे गाव २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. राज्य मध्य प्रदेश, पण घराघरांतली बोली मराठी. पिंपळाखालच्या निद्रिस्त हनुमानासाठी हे गाव प्रसिद्ध आहे आणि मंगळवारी व शनिवारी तेथे मोठी गर्दी लोटते. काकांची संत्र्याची बाग आहे आणि एक जुनी महिंद्र एम. एम. ५४० जीप आहे. आठवडाभर तिच्यातून संत्र्याचे क्रेट जातात, शनिवारी आसपासच्या वाड्यांतील म्हातारीकोतारी माणसे देवाला जातात. काका त्यांच्याकडून पैसे घेत नाहीत, पण कोणाला नाहीही म्हणत नाहीत. या दिवाळीत मागचा डावा पाटा तडकला आणि जीप एका बाजूला बसली.

सल्ले तीन मिळाले. पहिला म्हणाला, लोहाराकडून तापवून पुन्हा बाक देऊन घ्या, स्वस्तात काम होईल. दुसरा म्हणाला, आहे त्यात दोन-दोन पाटे वाढवा, मग कितीही भरा. तिसऱ्याचे म्हणणे, दोन्ही बाजूंचा मूळ मापाचा नवा संच बसवा. बहुतेकांचे मत दुसऱ्या सल्ल्याकडे झुकले होते. मला तो सर्वांत धोक्याचा वाटतो.

पहिल्या सल्ल्याचे आधी पाहू. पाट्याचे पोलाद साधे नसते. त्यात सिलिकॉन आणि मँगनीज असते आणि ठरावीक उष्णतेवर पाणी देऊन त्याला लवचीकपणा आणलेला असतो. भट्टीत अंदाजाने तापवले की तो गुण जातो. बाक दिसतो, पण थोड्या दिवसांत पाटा पुन्हा बसतो किंवा मोडतो. तडकलेल्या पाट्याला तर हा उपाय नाहीच.

आता दुसरा सल्ला. सारख्या जाडीचे सात पाटे असतील आणि दोन वाढवले, तर ताठपणा साधारण २९ टक्के वाढतो. जाडीचा हिशेब याहून कडक आहे, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सहा मिलिमीटरऐवजी सात मिलिमीटरचे पाटे घातले तर तो जवळजवळ ५९ टक्के वाढतो. म्हणजे गाडी खाली बसणार नाही, हे खरे. परंतु रिकामी जीप ओल्या वाटेवर उड्या मारते आणि खडबडीत जागी चाक जमीन सोडते. ज्या रानवाटेसाठी अशी गाडी घ्यायची, तेथेच तिची पकड जाते. मागची बाजू फार उचलली गेली तर पुढच्या चाकांचा कोन बदलून स्टिअरिंग हलके पडते.

मुख्य गोष्ट याहून निराळी आहे. चर्चा रंगात आली असता मावशी चहा देता देता म्हणाली, "पाटे वाढतील हो, ब्रेक कुठे वाढणार आहेत?" सगळे गप्प झाले. ॲक्सल तोच, चेसिस तीच, टायर तेच, नोंदणीपत्रावरचे वजनही तेच. जीप बसू लागते तेव्हा ती आपल्याशी बोलत असते. पाटे वाढवून आपण तिचे तोंड बंद करतो. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर खर्च नाहीसा होत नाही, केवळ दुसऱ्या खात्यावर जातो. आणि ते खाते कधी कधी माणसांच्या जिवाचे असते.

यावर काकांचा आक्षेप रास्त होता. "मग ही माणसं जातील कशानं?" मध्य प्रदेश सरकारने २००५ मध्ये राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय घेतला. बस नसलेल्या वाडीवर गच्च भरलेली जीप ही चैन नव्हे, गरज असते. हे मी नाकारत नाही. परंतु गरज खरी आहे म्हणून ब्रेकची ताकद वाढत नाही. दोन खेपा केल्या तर डिझेल जास्त जाईल. तो खर्च निदान डोळ्यांना दिसणारा आहे.

अखेर आम्ही भरलेली जीप वजनकाट्यावर नेली, ज्याला तिकडे धर्मकाटा म्हणतात. आकडा पाहून काका काही बोलले नाहीत. मूळ मापाचे पाटे दोन्ही बाजूंना बसले, सोबत नवे बुश आणि यू-बोल्ट. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच आवळले, आणि काही दिवस चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले. ज्याच्या गाडीत फवारणीची टाकी कायमचीच बसवलेली आहे, त्याने थोडे ताठ पाटे जरूर घ्यावेत. पण तेही वजन करून आणि नोंदणीपत्राच्या मर्यादेत. आता शनिवारी काका दोन खेपा करतात. दुसऱ्या खेपेची माणसे पाराखाली थांबतात, थोडी कुरकुरतात.

आपल्या अंकाचे दोन विभाग आहेत. मराठी विभागात "अंथरूण पाहून पाय पसरावेत" म्हणतात. कन्नड विभागातील मित्र "हासिगे इद्दष्टु कालु चाचु" म्हणतील. अर्थ एकच. आपण मात्र दोन्ही भाषांत ते ऐकून अंथरुणाला ठिगळ लावतो आणि पाय पसरतच राहतो. पाटे निवडण्यापूर्वी भार मोजावा, एवढेच माझे सांगणे आहे.