भिंतीवरचे चेहरे आणि त्यामागचा हिशेब

छळ सोसलेल्या व तुरुंगात डांबलेल्या लेखकांची फिरती प्रदर्शने जगात ठिकठिकाणी भरतात. भिंतीवर ओळीने छायाचित्रे, प्रत्येकाखाली शिक्षेची वर्षे, आणि दालनात गैरहजर लेखकासाठी मांडलेली एक रिकामी खुर्ची. १९२१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'पेन' या लेखक-संघटनेने १९६० मध्ये तुरुंगातील लेखकांसाठी स्वतंत्र समिती नेमली. १९८१ पासून १५ नोव्हेंबर हा दिवस त्यांच्या नावाने पाळला जातो. या उपक्रमाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कैदी लोकांच्या विस्मरणात जावा, हीच सत्तेची इच्छा असते. त्याचे नाव गावोगाव फिरत ठेवणे हा त्या इच्छेचा पहिला पराभव होय.

तथापि एक प्रश्न उरतोच. प्रेक्षक हळहळतो, लेखकाच्या धैर्यापुढे मान झुकवतो आणि बाहेर पडतो. लेखक निर्भय होता आणि राज्यकर्ता जुलमी होता, एवढेच तो बरोबर नेतो. पण निर्भयपणे लिहिणारे सर्वच तुरुंगात जात नाहीत. मग कोण जातो, आणि केव्हा? समाजवाद्याने विचारावयाचा प्रश्न हा आहे.

केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांचे उदाहरण याबाबतीत फार बोलके आहे. १९७७ च्या जुलैत त्यांची 'पेटल्स ऑफ ब्लड' ही इंग्रजी कादंबरी निघाली. स्वातंत्र्योत्तर केनियातील नव्या धनिकवर्गावर तिच्याइतकी कठोर टीका क्वचितच झाली असेल. तरी तिचे प्रकाशन खुद्द अर्थमंत्र्यांच्या हस्ते झाले! त्याच वर्षी लिमुरूजवळच्या कामिरिथू गावातील शेतकरी व कामगारांनी स्वतः राबून दोन हजार प्रेक्षकांचे खुले नाट्यगृह उभारले. तेथे न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी लिहिलेले गिकुयू भाषेतील नाटक त्यांनी रंगवले. दीड एकराचा धनी असलेल्या शेतकऱ्याची जमीन श्रीमंत जमीनदार व परकीय भांडवल यांच्या संगनमताने कशी जाते, हा त्याचा विषय. काही आठवड्यांतच प्रयोगांचा परवाना रद्द झाला आणि वर्षअखेरीस लेखकाला खटल्याविना कामिती तुरुंगात टाकण्यात आले.

टीका तीच, लेखकही तोच. बदलला होता तो श्रोता. इंग्रजी वाचणाऱ्या मूठभरांपर्यंत राहणारी टीका सत्तेला पचते. ज्याची जमीन गेली त्याच्याच भाषेत, त्याच्याच तोंडून ती निघाली की पचत नाही. न्गुगींनी तुरुंगात शौचासाठी मिळणाऱ्या खरखरीत कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. ती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली आणि घराघरांत, बसगाड्यांत, दारूच्या गुत्त्यांत मोठ्याने वाचली गेली. १९८२ मध्ये पोलिसांनी कामिरिथूचे नाट्यगृह जमीनदोस्त केले. प्रदर्शनात त्या कागदाची हकिगत हमखास असते. नाट्यगृह बांधणारे हात मात्र सहसा नसतात.

नायजेरियाचे केन सारो-विवा यांच्याबाबत हा हिशेब अधिकच उघड होतो. ओगोनी प्रदेशात १९५८ मध्ये तेल सापडले. तेल बाहेर गेले. काळवंडलेली शेते व नाले ओगोनींच्या वाट्याला आले. ४ जानेवारी १९९३ रोजी सुमारे तीन लाख ओगोनी शांततेने रस्त्यावर उतरले. अवघी जमात पाच लाखांच्या आसपासची! १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी राजवटीने सारो-विवांना फाशी दिले. पण त्या दिवशी फासावर गेलेले नऊजण होते. उरलेल्या आठांपैकी किती नावे आपल्याला ठाऊक आहेत? २००९ मध्ये शेल कंपनीने जबाबदारी मान्य न करता १ कोटी ५५ लाख डॉलर देऊन न्यूयॉर्कमधील दावा मिटवला. २०२५ च्या जूनमध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांनी त्या नऊजणांना माफी दिली. माफी गुन्हेगाराला देतात. निर्दोषाला न्याय द्यावयाचा असतो. तो अद्याप बाकी आहे.

दुसरी कसोटी मापाची. १९६५ च्या सप्टेंबरात सोव्हिएत रशियाने सिन्याव्स्की यांना अटक केली. त्यांच्याबरोबर डॅनिएल यांच्यावरही खटला भरला आणि दोघांना सात व पाच वर्षांची शिक्षा दिली. पश्चिमी जगात निषेधाचे मोहोळ उठले, ते योग्यच होते. ऑक्टोबरात इंडोनेशियाच्या लष्कराने प्रमुद्य अनंत तूर यांना पकडले. खटला नाही, शिक्षा नाही. तरी चौदा वर्षे कैद, त्यांतली दहा बुरू बेटावर. कागद मिळेना म्हणून कादंबरी त्यांनी सहकैद्यांना तोंडी सांगितली. सुहार्तो मित्रपक्षात असल्याने पश्चिमेची सरकारे तेवढी कळवळली नाहीत. आपल्या गोटातील तुरुंगाकडे डोळेझाक करण्याचा हा दोष डाव्या चळवळीनेही कमी केलेला नाही. परक्याच्या तुरुंगाला एक माप आणि आपल्याला दुसरे, असे चालणार नाही.

म्हणूनच असे प्रदर्शन महाराष्ट्रात आले, तर त्यात एक भिंत आपली हवी. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीता-प्रवचने उतरवून घेणारे साने गुरुजी तिच्यावर असतील; त्यात कोणाला अडचण नाही. परकीय राजवटीचा तुरुंग आता सर्वांनाच गौरवाचा वाटतो. पण १९७६ मध्ये अटक झालेल्या दुर्गाबाई भागवत? आणि २०२० च्या सप्टेंबरात भीमा-कोरेगाव प्रकरणात पकडलेले आणि वर्षानुवर्षे कच्चे कैदी म्हणून राहिलेले कबीर कला मंचाचे गायक-कलावंत? त्यांच्या विचारांशी आपले मतभेद असू शकतात. आरोप सिद्ध होण्यापूर्वी माणसाचे आयुष्य तुरुंगात कुजवू नये, एवढे म्हणण्यासाठी मतैक्याची गरज नसते. त्यांचीही गाणी वस्त्यांतून, लोकांच्या भाषेत म्हटली जात होती, हे कामिरिथूच्या संदर्भात ध्यानी घ्यावे.

कार्यकर्त्यांना सुचवावेसे वाटते ते इतकेच. प्रत्येक छायाचित्राखाली शिक्षेच्या वर्षांबरोबर आणखी तीन ओळी लिहाव्यात: याचे शब्द कोण ऐकत होते, त्यामुळे कोणाचा नफा धोक्यात आला, आणि याच्याबरोबर आणखी कोणाला शिक्षा झाली. मग प्रेक्षकाला केवळ लेखकाचे थोरपण दिसणार नाही. त्या हिशेबात आपण कोठे बसतो, तेही दिसेल.