भाड्याने देण्यासाठी घर घेताना



व्यापारात चार पैसे शिल्लक राहू लागले की घरात एक विषय हमखास निघतो : एखादी सदनिका किंवा गाळा घेऊन भाड्याने द्यावा काय? जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या सावंतवाडीत हा प्रश्न अधिक वेळा कानी पडतो. बँकेतील नोकरीच्या काळात अशा कर्जांची असंख्य प्रकरणे नजरेखालून गेली. त्या अनुभवावरून प्रथमच या वाटेने जाणाऱ्या वाचकांसाठी काही गोष्टी नमूद करतो.

आपण व्यापारी मंडळी मालाचा हिशेब चोख करतो. माल वर्षातून किती वेळा फिरला, उधारी किती अडकली, हे आपल्याला तोंडपाठ असते. घर खरेदी करताना मात्र हाच माणूस केवळ भाव पाहतो. भाड्याचे घर हा वर्षातून एकदाही न फिरणारा माल आहे. म्हणून त्याचे पहिले गणित निव्वळ भाड्याचे असावे.

उदाहरणादाखल समजा, सदनिकेची किंमत ४० लाख रुपये आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील आणि किरकोळ फर्निचर मिळून आणखी ४ लाख लागले. एकूण गुंतवणूक ४४ लाख झाली. भाडे दरमहा १२,००० मिळते आणि वर्षातून एक महिना घर रिकामे राहते. म्हणजे हाती १,३२,००० आले. त्यातून घरपट्टी, सोसायटीचा देखभाल खर्च, विमा आणि दुरुस्तीसाठी ३६,००० वजा केले. उरले ९६,०००. हा परतावा २.१८ टक्के होतो. बँकेच्या साध्या मुदत ठेवीवर याहून अधिक व्याज मिळते.

यावर उत्तर येते, "पण भाव वाढेल ना!" वाढेलही. परंतु ती वाढ घर विकल्यावरच हाती येते आणि लहान गावात योग्य गिऱ्हाईक मिळण्यास वेळ लागतो. विमानतळाच्या बातमीने भाव एका रात्रीत चढू शकतो. भाडे मात्र भाडेकरूच्या पगाराइतकेच चढते.

आता कर्जाचा विचार करू. याच घरासाठी ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २६,००० रुपये येतो. निव्वळ भाडे महिन्याला सरासरी ८,०००. उरलेले १८,००० दर महिन्याला दुकानाच्या गल्ल्यातून जाणार. चतुर्थीच्या तोंडावर माल भरण्याची वेळ येते तेव्हा हेच पैसे आठवतात. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे कॅश क्रेडिट खात्यातून घराचे पैसे देणे. ती मर्यादा मालासाठी आणि उधारीसाठी दिलेली असते. तो पैसा घरात गेला की बँकेच्या भाषेत निधी अन्यत्र वळवला गेला असे होते आणि पुढील नूतनीकरणाच्या वेळी उत्तर देणे अवघड जाते. दुकानाचा जीव धोक्यात घालून घेतलेले घर स्वस्त मिळाले तरी महागच पडते.

घर कोण भाड्याने घेईल, हे खरेदीपूर्वी ठरवावे. सावंतवाडीत बदलीवर येणारे बँक व शासकीय कर्मचारी, डॉक्टर, शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि कामासाठी रोज गोव्याला ये-जा करणारे तरुण असा वर्ग आहे. प्रत्येकाची ऐपत आणि गरज निराळी. विद्यार्थी परीक्षा संपताच घर सोडतात. कुटुंबवत्सल कर्मचारी बदली होईपर्यंत राहतो.

आपल्यापैकी अनेकांना भाडेकरू शाकाहारीच हवा असतो. ती ज्याच्या त्याच्या निष्ठेची बाब आहे. परंतु या किनारपट्टीवर मासळी हे रोजचे अन्न आहे, तेव्हा या अटीने इच्छुकांची संख्या घटणार. वरील हिशेबात रिकामा महिना एकाऐवजी तीन धरले, तर परतावा १.६४ टक्क्यांवर येतो. ही किंमत मान्य असेल तरच घर घ्यावे. घेतल्यानंतर अट सैल करून मनाला टोचणी लावून घेण्यापेक्षा आधीच अन्य गुंतवणूक निवडणे बरे.

घर पाहायला जावे ते भर पावसात. इथला पाऊस गच्चीची गळती, भिंतीची ओल आणि सांडपाण्याची वाट यांचे सारे गुपित उघडे करतो. मे महिन्यात रंगवलेली भिंत काहीच सांगत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याचे काही खास प्रश्न आहेत. सातबाऱ्यावर अनेक हिस्सेदारांची नावे असतात. इतर हक्कात कुळाची नोंद किंवा बोजा असू शकतो. काही जमिनींवर वनसंज्ञेची नोंद आहे. आंबोली, चौकुळ, गेळे येथील कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला आहे. तेव्हा पर्यटकांसाठी घर घेण्याचा मोह होण्यापूर्वी मालकी तपासावी. किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, बिनशेती आदेश आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. महारेरा नोंदणी पाहण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. परंतु भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठच असतील, तर ती नोंदणी बंधनकारक नसते. लहान गावातील अनेक इमारती या सवलतीत बसतात. तेथे आपली तपासणी हेच आपले संरक्षण.

करार हा विषय तर आपल्या समाजाला जवळचा आहे. मुंबईच्या जुन्या बाजारांत पागडीच्या दुकानांत आपल्यापैकी कित्येकांच्या पिढ्या वाढल्या. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधले आणि ते दशकानुदशके तसेच राहिले. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात ही गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला व ३१ मार्च २००० पासून लागू झाला. ज्यांनी पागडीचा लाभ अनुभवला, त्यांनी घरमालक होताना दुसरी बाजूही लक्षात घ्यावी.

या कायद्यानुसार भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते, हा समज चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. करार नोंदवलेला नसेल तर वादाच्या वेळी अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जलद दाद मागता येते; दुकानगाळ्याला ही सोय नाही. गाळा देताना म्हणूनच अधिक सावध राहावे.

प्राप्तिकराविषयी दोनच गोष्टी. घरपट्टी प्रत्यक्ष भरलेली असेल तरच वजा होते. उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीचा खर्च कितीही होवो. कर्जाच्या व्याजाने तोटा दाखवून तो दुकानाच्या नफ्यातून वळता करण्याची कल्पना असेल, तर नव्या करप्रणालीत तसे करता येत नाही.

शेवटी घर कोणाच्या नावावर, हा प्रश्न. एकत्र व्यापारातील पैसा काढून एका भावाच्या नावावर घर घेतले जाते आणि तेव्हा कोणी काही बोलत नाही. वीस वर्षांनी मुले मोठी होतात, तेव्हा ते मौन कोर्टात बोलू लागते. पैसे कोणाचे, भाडे कोणाचे, विक्री झाल्यास वाटा कसा, हे खरेदीच्या दिवशीच लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. भावाभावांत कागद करणे हा अविश्वास मानू नये.

सारांश, दुकानाचे खेळते भांडवल बाजूला ठेवून, सहा महिन्यांच्या हप्त्यांची तरतूद करून, आणि निव्वळ भाड्याचा आकडा स्वतःच्या हाताने लिहून काढल्यावरही मन तयार असेल, तर घर जरूर घ्यावे. तो आकडा लिहिण्याचे टाळावेसे वाटत असेल, तर खरेदीही टाळावी.