कसेल त्याला हप्ता का नाही?

पंतप्रधान किसान सन्मान निधीची घोषणा १ फेब्रुवारी २०१९ रोजी झाली, तेव्हा दोन आक्षेप वारंवार ऐकू आले. एक, हाती रोकड आली की गरीब ती उधळतो. दुसरा, वर्षाला सहा हजारांत होणार काय? पहिला आक्षेप मला तेव्हाही पटला नव्हता. दुसरा दरवर्षी थोडा अधिक पटत जातो.

पहिल्याचे उत्तर त्याआधीच मिळालेले होते. ‘सेवा’ या महिला संघटनेने युनिसेफच्या साह्याने २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशातील इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत आणि एका भिल्ल गावात विनाअट रोख रक्कम देऊन पाहिली. प्रौढ माणशी दरमहा २०० रुपये आणि मुलामागे १००; पुढे ते ३०० आणि १५० झाले. मुलांचा वाटा आईच्या हाती दिला जाई. दारूवरचा खर्च वाढला नाही. वाढली ती गुरे-शेळ्यांची संख्या आणि बी-बियाण्यांवरचा खर्च. शिवाय, मजुरीला जाणारी माणसे स्वतःच्या शेतात अधिक राबू लागली.

हा शेवटचा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. पोटापुरते पिकवणाऱ्या कुटुंबाची खरी कोंडी पेरणीच्या तोंडाशी होते. स्वतःचे रान हाक मारत असते आणि घरातले धान्य संपलेले असते. मग उचल घेऊन दुसऱ्याच्या बांधावर जावे लागते, आपली पेरणी लांबते, पीक उतरत नाही आणि पुढच्या वर्षाची उचल ठरून जाते. अशा वेळी हाती आलेले हजार रुपये ही साखळी तोडू शकतात. तेच हजार रुपये दोन महिन्यांनी आले तर सावकाराच्या व्याजात जिरतात.

किसान सन्मानचे २,००० रुपयांचे हप्ते चार-चार महिन्यांच्या कालखंडांना बांधलेले आहेत, पेरणीला नव्हे. ओडिशाच्या ‘कालिया’ योजनेने तरी मदतीची आखणी हंगामाप्रमाणे केली होती आणि भूमिहीनांनाही सामावून घेतले होते. रकमेचे म्हणाल तर साधा हिशेब करावा. दोन प्रौढ आणि तीन मुलांच्या घराला मध्य प्रदेशातील त्या प्रयोगाच्या वाढीव दराने वर्षाला १२,६०० रुपये मिळाले असते, तेही २०१२ च्या भावाने. किसान सन्मानचे ६,००० मात्र २०१९ पासून जागचे हललेले नाहीत. महाराष्ट्राने आपल्या तिजोरीतून तेवढीच भर घातली. सर्वच राज्यांना ते झेपणारे नाही.

पण रकमेहूनही गंभीर प्रश्न आहे तो नावाचा. हप्ता मिळतो तो जमिनीच्या उताऱ्यावर नाव असलेल्याला. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महिलांकडील वहिती खाती जेमतेम १४ टक्के होती. निंदणी-खुरपणीत राबणाऱ्या बायकांचे प्रमाण याहून किती मोठे आहे, हे कोणत्याही शिवारात उभे राहून दिसते. बटईने किंवा खंडाने कसणारा तर या हिशेबात नाहीच. पावसाचा जुगार तो खेळतो आणि सन्मान निधी शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात जमा होतो. तेलंगणाच्या ‘रयतु बंधू’ने एकरी मदत देऊन ही विषमता आणखी वाढवली: जितकी जमीन मोठी, तितकी मदत मोठी आणि कुळाला शून्य.

संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये रक्कम १२,००० करावी आणि खंडकरी व शेतमजूर यांनाही लाभ द्यावा, अशी शिफारस केली. पुढच्या फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला; रक्कम तीच राहिली. पैशांची अडचण मी समजू शकतो. पण कसणाऱ्याची नोंद करायला फारसा पैसा लागत नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये त्यासाठी कायदा करून अकरा महिन्यांचे ओळखपत्र देऊ केले. अट एवढीच की मालकाने सही करावी. सही केली तर कूळ पुढे जमिनीवर हक्क सांगेल, या धास्तीने मालक ती टाळतात. ही धास्ती दूर करण्याचे काम बँक खाते करू शकत नाही, ते महसूल खात्यालाच करावे लागेल.